आडनाव शेवटी येऊ द्या: ओहायोतल्या एका स्नायडर घराण्याचा माग

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या यजमानांचे खापरपणजोबा, आडनाव स्नायडर, १८८० च्या अमेरिकन जनगणनेत ओहायो राज्यातल्या स्टार्क कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सापडले. वय ४२, धंदा शेती, जन्मस्थान ‘बव्हेरिया’ (जर्मनीतले एक राज्य). १९०० च्या जनगणनेत त्यांच्या नावापुढे अमेरिकेत आल्याचे वर्ष १८४७ दिले आहे. १९११ मध्ये ते वारले, आणि त्यांच्या थडग्याशेजारी धातूचा एक तारा रोवलेला आहे. सासरी तीन गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत: घराणे मूळचे डच, आडनाव एलिस आयलंड या न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्याने बदलले, आणि दिवाणखान्यात टांगलेले कुलचिन्ह आपल्याच घराण्याचे. तुम्हाला मूळ गाव आणि आडनावाचा उगम हवा आहे, आणि शोधाची सुरुवात तुम्ही ‘स्नायडर म्हणजे काय’ इथून केली आहे.

तो शोध तूर्त बाजूला ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या मनात आडनाव आणि गाव यांची गाठ पक्की असते. नावाच्या शेवटी ‘कर’ आले की गाव हाती लागल्यासारखे वाटते, आणि आपले कुलवृत्तांतही मूळपुरुषापासून सुरू होऊन शाखा-उपशाखांनी खाली उतरतात. अमेरिकेतल्या पूर्वजाचा शोध नेमका उलट्या दिशेने चालतो. आज हयात असलेल्या माणसापासून एकेक पिढी वर चढायचे, आणि कागद हाती आल्याखेरीज पुढची पायरी चढायची नाही. जर्मन ‘श्नायडर’ म्हणजे शिंपी. शिंपी गावोगाव होते, त्यामुळे एकमेकांशी रक्ताचे काही नाते नसलेल्या असंख्य घराण्यांनी हेच आडनाव धरले. त्यावरून गाव सापडत नाही. गाव सापडले तरच आडनावाची खरी कथा कळते.

आता एलिस आयलंड. ते ठाणे १ जानेवारी १८९२ रोजी उघडले. तुमचे खापरपणजोबा १८४७ मध्ये आले, तेव्हा त्याच्या आधीचे कॅसल गार्डन हे न्यूयॉर्कचे ठाणेही सुरू झालेले नव्हते. ते १८५५ चे. त्यामुळे तुमच्या बाबतीत ही कथा तारखेवरच बाद होते. जे खरोखर एलिस आयलंडवरून आले त्यांचीही नावे तिथे बदलली गेली नाहीत. प्रवाशांची यादी जहाज कंपनीचे कारकून निघण्याच्या बंदरातच तयार करत. अमेरिकेतला निरीक्षक त्या यादीशी माणूस ताडून पाहत असे आणि त्याच्या दिमतीला दुभाषे असत. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले ला गार्डिया तरुणपणी तिथे दुभाष्याचेच काम करत होते. नावे बदलली ती लोकांनी स्वतः, हळूहळू, शेजारी, मास्तर, दुकानदार यांच्या सोयीने. फसवणुकीचा हेतू नसेल तर हवे ते नाव लावण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. म्हणून ‘नाव बदलल्याचा कागद’ शोधत बसू नका. बहुतेक वेळा तसा कागद कधी तयारच झालेला नसतो.

‘डच’ या आठवणीत मात्र तथ्य असू शकते. जर्मन लोक स्वतःला ‘डॉइच’ म्हणवत आणि अमेरिकन शेजारी त्यांना ‘डच’ म्हणत. पेन्सिल्व्हेनिया डच म्हणून ओळखले जाणारे लोकही जर्मन वंशाचेच. पण नेदरलँड्समधल्या ‘स्नायडर’ घराण्यांचे वंशजही न्यूयॉर्क-न्यूजर्सीत आहेत. तेव्हा नुसत्या आडनावावरून कुठल्याच बाजूने निकाल देता येत नाही. तुमच्याकडे जनगणनेतला ‘बव्हेरिया’ आहे, आणि तो बहुमोल आहे. त्याकडे पुढे वळतो.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. ओहायोत २० डिसेंबर १९०८ पासून मृत्यूची नोंद राज्य पातळीवर होऊ लागली. तुमचे पूर्वज १९११ मध्ये गेले, म्हणजे दाखला असायला हवा. त्या काळातले ओहायोचे दाखले फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यात वडिलांचे नाव, आईचे माहेरचे नाव आणि दोघांची जन्मस्थाने यांचे रकाने असतात. मात्र खाली ‘माहिती देणारा’ कोण आहे ते आधी वाचा. मुलगा किंवा सून असेल तर आजेसासूचे माहेर तिने फक्त ऐकलेले असणार. मृत्यूच्या तारखेबाबत तो दाखला पक्का पुरावा आहे. ७०-७५ वर्षांपूर्वीच्या जन्माबाबत तो कुणाच्या तरी आठवणीवर उभा आहे. एकाच कागदातल्या दोन ओळींचे वजन असे वेगवेगळे असते, आणि हे भान सुटले की वंशावळी बिघडतात.

मग जनगणनेची पाने मागे मागे उलटत जा. १८९० ची जवळजवळ सगळी पाने गेली आहेत: जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉमर्स बिल्डिंगला आग लागली, आणि जे भिजके-जळके उरले तेही पुढे नष्ट करण्यात आले. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते पहिल्यांदा लिहिले गेले. १८७०, १८६० आणि १८५० मध्ये घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे, पण नाते नाही. म्हणजे १८५० च्या पानावर एका घरात पुरुष, बाई आणि पाच मुले दिसली तर ती त्या दोघांचीच मुले असे धरून चालू नका. बाई दुसरेपणाची असेल, एखादा पोर भाचा असेल. १८४० आणि त्यापूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची वयोगटांप्रमाणे मोजणी, पण तुमचे लोक तोवर आलेच नव्हते.

१८५० मध्ये हा मुलगा साधारण बारा वर्षांचा असेल, आणि घरात आईवडील असतील. ते पान सापडले की नुसते तेवढेच घर उतरवून घेऊ नका. वरची आणि खालची दहा-बारा घरेही उतरवा, विशेषतः बव्हेरियात जन्मलेल्यांची. एका गावचे लोक एकमेकांच्या मागोमाग येत आणि शेजारी शेजारी जमिनी घेत. तुमच्या घराच्या कागदांत गावाचे नाव नसले तरी शेजाऱ्याच्या थडग्यावर ते कोरलेले सापडते. हे मला या सगळ्या कामातले सर्वात उपयोगी सूत्र वाटते: पूर्वज मुका असेल तर त्याच्या भावाला विचारा, मेहुण्याला विचारा, बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांना विचारा.

शोधताना ‘स्नायडर’ हे एकच स्पेलिंग धरू नका. जनगणना घेणारा जे ऐके ते लिही. साउंडेक्स नावाची जुनी पद्धत नावाच्या उच्चारावरून एक अक्षर आणि तीन आकड्यांचा संकेत बनवते. तीत श्नायडर आणि स्नायडर दोन्ही एस-५३६ मध्येच पडतात, म्हणून ती इथे उपयोगी आहे. पण कुटुंबातल्या कुणी आडनावाचे सरळ भाषांतर करून ‘टेलर’ लावले असेल, तर कुठलीही उच्चारपद्धत त्याला पकडणार नाही. झिमरमनचे कार्पेंटर, श्वार्ट्सचे ब्लॅक, क्योनिगचे किंग, कोखचे कुक, असे बदल घडलेले आहेत. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी पडलेलीही दिसतात.

पहिल्या नावांतही एक जर्मन रीत आहे, ती माहीत नसेल तर घोटाळा होतो. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही घरांत मुलांना दोन नावे देत आणि पहिले पुष्कळदा सगळ्या भावांना सारखेच असे: योहान पेटर, योहान गेओर्ग, योहान आदाम. हाक मारायचे नाव दुसरे. अमेरिकेत तो पीटर किंवा जॉर्ज म्हणून दिसेल, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘योहान’ पाहून तुम्ही ‘हा आपला नव्हे’ म्हणून पान उलटाल. जुन्या नोंदवह्यांत स्त्रियांच्या आडनावाला शेवटी ‘इन’ जोडलेले असते. श्नायडरिन म्हणजे श्नायडरांचीच लेक किंवा सून. ते वेगळे आडनाव नाही.

आता थडग्याजवळचा तारा. तुमच्या छायाचित्रात तो पाहिला आणि मला फार बरे वाटले. तो ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या संघटनेचा आहे, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या बाजूने लढलेल्या माजी सैनिकांच्या संघटनेचा. ती १८६६ मध्ये स्थापन झाली. तुमचे खापरपणजोबा बहुधा सैनिक होते. उत्तर ओहायोतल्या जर्मनांनी मोठ्या संख्येने भरलेली १०७ वी ओहायो पायदळ पलटण चान्सलर्सव्हिल आणि गेटिसबर्गला लढली. ते त्याच पलटणीत होते असे मी म्हणत नाही, पण तिथून पाहायला सुरुवात करा. आणि १८९० च्या जनगणनेबरोबर माजी सैनिकांची जी वेगळी यादी केली होती, तिची अर्धी-अधिक राज्ये आगीतून वाचली आहेत. ओहायो त्यात आहे. तीत पलटण, कंपनी, भरतीची आणि सैन्यातून सुटल्याची तारीख मिळते.

पलटण कळली की पेन्शनची फाइल मागवा. बाकी सगळे थांबले तरी चालेल, हे करा. यादवी युद्धाच्या पेन्शन फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि पुष्कळशा अजून फक्त कागदावरच आहेत; पैसे भरून प्रत मागवावी लागते किंवा तिथे काम करणाऱ्या संशोधकाकडून छायाचित्रे काढून घ्यावी लागतात. ऑनलाइन दिसते ते निर्देशांकाचे एक कार्ड. लोक ते कार्ड पाहून ‘पेन्शन मिळाली’ एवढे टिपून पुढे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. फाइलीत माणूस भेटतो. १८९८ मध्ये पेन्शन ब्यूरोने निवृत्त सैनिकांना छापील प्रश्नपत्रिका पाठवली होती: बायकोचे माहेरचे नाव काय, लग्न कधी, कुठे, कुणी लावले, मुले किती, त्यांच्या जन्मतारखा काय. त्याची उत्तरे सैनिकाच्या सहीनिशी असतात. तो गेल्यावर विधवेने अर्ज केला असेल तर तिला लग्न सिद्ध करावे लागे. मग चर्चच्या नोंदीची प्रत, कधी घरच्या बायबलमधून फाडलेले जन्मतारखांचे पान, आणि ‘मी यांना लहानपणापासून ओळखतो’ अशी शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडलेली असतात. तो लहानपणापासूनचा ओळखीचा शेजारी जर जुन्या देशातला असेल तर गाव तिथेच सापडू शकते.

तुमच्या आडनावाच्या प्रश्नालाही ही फाइलच बहुधा सर्वात जवळचे उत्तर देईल. हजेरीपटावर नाव एका स्पेलिंगने आणि अर्जावर दुसऱ्या स्पेलिंगने असले की ब्यूरो शंका काढी. मग सैनिक शपथेवर सांगे की श्नायडर आणि स्नायडर हा मीच, आमच्यात असे लिहितात, भरतीच्या कारकुनाने तसे लिहिले. नाव कसे बदलले हे खुद्द पूर्वजाच्या शब्दांत मिळण्याची ही एक दुर्मीळ जागा आहे.

नागरिकत्वाच्या कागदांबद्दल फार आशा धरू नका. सप्टेंबर १९०६ पूर्वी ते काम कुठलेही अधिकृत कोर्ट करी आणि कागदावर बहुधा ‘बव्हेरियाच्या राजाची निष्ठा सोडली’ एवढेच असे. शिवाय तुमचे पूर्वज लहानपणी आले. एकविसाच्या आत असताना वडील नागरिक झाले तर मुलगा आपोआप नागरिक होई, म्हणजे त्यांच्या नावाचा कागदच नसेल, वडिलांचा शोधा. १८४७ ची जहाजाची यादी शोधून काढायला हरकत नाही, पण त्या काळच्या यादीत देशाखेरीज क्वचितच काही असते. एखादा भाऊ मात्र पश्चिमेला कॅन्सस-नेब्रास्कात गेला असेल तर त्याची होमस्टेड फाइल, म्हणजे वसाहतीसाठी मिळालेल्या सरकारी जमिनीची फाइल, जरूर पाहा. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन घेणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकत्वाचा किंवा त्यासाठीच्या इराद्याचा पुरावा जोडावा लागे.

कौंटीच्या कागदांबद्दल एक सूचना. स्टार्कच्या हद्दी बदलत आल्या आहेत: १८३३ मध्ये तिचा काही भाग कॅरोल कौंटीत गेला, १८४० मध्ये काही भाग समिट कौंटीत. शेत आज ज्या कौंटीत दिसते तिथेच त्याच्या आधीच्या मालकांचे जुने खरेदीखत असेल असे नाही. वडिलांचे मृत्युपत्र किंवा मिळकतीच्या वाटणीचे कागद प्रोबेट (वारसाहक्काच्या) कोर्टात पाहा; वारसांत लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट येतात, आणि हरवलेल्या बहिणी बहुधा तिथेच सापडतात. सिनसिनाटीकडच्या लोकांची याबाबतीत मोठी हानी झाली आहे. १८८४ च्या दंगलीत हॅमिल्टन कौंटीचे कोर्ट जळाले आणि पुष्कळ दप्तर गेले.

आता ‘बव्हेरिया’. हा शब्द वाचून लोक म्युनिककडे वळतात आणि तिथे काही सापडत नाही. एकोणिसाव्या शतकात ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचा फाल्ट्स प्रांत बव्हेरियाच्या राजाकडे होता, आणि तिथून अमेरिकेला फार मोठे स्थलांतर झाले. अमेरिकन कारकुनाच्या लेखी दोन्ही बव्हेरियाच. एखाद्या पानावर ‘बव्हेरिया’, दुसऱ्यावर ‘जर्मनी’ आणि शेजाऱ्याकडे ‘ऱ्हाइन बव्हेरिया’ दिसले तर त्यात विसंगती नाही. उलट फाल्ट्सची शक्यता वाढते. तसे निघाले तर तुमचे नशीब चांगले. फ्रेंच अमलामुळे तिथे १७९८ पासून जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद आहे, बाकीच्या जर्मनीत ती १८७६ मध्ये सर्वत्र लागू झाली. विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे येतात, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या.

पण त्यासाठी गावाचे नाव लागतेच, कारण नोंदवह्या गावागावाच्या किंवा चर्चच्या आहेत. ते नाव बहुतेक वेळा अमेरिकेच्या बाजूलाच मिळते. कुटुंब लुथरन, रिफॉर्म्ड (हे दोन्ही प्रोटेस्टंट पंथ) की कॅथलिक हे ठरवा, मग स्टार्क कौंटीतल्या त्या पंथाच्या जर्मन चर्चच्या वह्या शोधा. जर्मन पाद्री लग्नाच्या किंवा दफनाच्या नोंदीत जन्मगाव लिहीत, कारण त्यांना ते महत्त्वाचे वाटे. इंग्रजी कारकुनाला ते वाटत नसे. जर्मन भाषेतल्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेखही पाहा. काही अंक अमेरिकन संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयाच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या ऑनलाइन संग्रहात विनामूल्य आहेत. गाव सापडल्यावर कॅथलिक वह्यांसाठी माट्रिकुला आणि प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिओन ही संकेतस्थळे आहेत, पहिले फुकट, दुसरे पैसे घेऊन. लिपी जुनी जर्मन हस्तलिपी, कुरेंट, असते. मोडी वाचायला जसा सराव लागतो तसाच तिलाही लागतो, आणि तितक्याच निश्चितपणे ती येते.

इथवर आल्यावर आडनाव हाती घ्या. तेव्हा तुम्ही ‘स्नायडर म्हणजे शिंपी’ एवढ्यावर थांबणार नाही. त्या गावातल्या वह्यांत हे घराणे किती मागे जाते, कुणी खरोखर शिवणकाम करत होते का, ते पाहू शकाल. मोठ्या घराण्यांचे उगम असेच गावापर्यंत पोचून ठरले आहेत. राष्ट्राध्यक्ष हूवर यांचे पूर्वज १७३८ मध्ये आलेले हूबर, आयझेनहॉवर यांचे १७४१ मध्ये आलेले आयझेनहाउअर. रॉकफेलर हे नाव ऱ्हाइनलँडमधल्या रॉकेनफेल्ड या ठिकाणावरून आले. म्हणजे ते ‘कर’ लावल्यासारखे गावाचे आडनाव, हूबर हे शेतजमिनीच्या मापावरून, तुमचे धंद्यावरून. प्रत्येकाचा उगम वेगळा आणि तो नावाच्या नादावरून ओळखता येत नाही.

पूर्वज गुलामगिरीतून सुटलेले आहेत अशा घराण्यांना हे आणखी तीव्रतेने लागू पडते, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत मालकाचे नाव आहे, माणसांची फक्त वये, लिंग आणि वर्ण. बहुतेकांची नावे जनगणनेत पहिल्यांदा १८७० मध्येच येतात. आडनाव शेवटच्या मालकाचेच असेल असे मुळीच धरू नका. पुष्कळांनी ते आधीच्या पिढीकडून जपले होते, काहींनी स्वतः निवडले. गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस जन्माने बेली. १८३८ मध्ये पळून सुटल्यावर जॉन्सन झाले आणि मग एका स्कॉटिश काव्यातल्या पात्रावरून डग्लस. मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेच्या १८६५ ते १८७४ च्या खातेनोंदी इथे सोन्याच्या आहेत, कारण खातेदाराला आईवडील, भावंडे, जन्मस्थान विचारले जाई.

कुलचिन्हाबद्दल सासरी कसे सांगायचे ते तुम्ही ठरवा, पण वस्तुस्थिती अशी की कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एखाद्या व्यक्तीचे आणि तिच्या वंशजांचे असते. ‘स्नायडर घराण्याचे चिन्ह’ म्हणून विकले जाते ते कुठल्या तरी एका स्नायडर किंवा श्नायडर कुटुंबाचे. त्या कुटुंबापर्यंत वंश पोचला तरच ते तुमचे.

डीएनए चाचणीचा उपयोग कागदांच्या जोडीला करा. खापरपणजोबांचा वाटा यजमानांमध्ये सरासरी सोळावा हिस्सा. म्हणून सासरे किंवा त्यांची भावंडे हयात असतील तर त्यांची चाचणी आधी. वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जाते, म्हणजे तुमच्या प्रकरणात आडनावाच्याच वाटेने, आणि कुणी ‘टेलर’ झालेला भाऊ असेल तर त्याच्या वंशजाशी जुळणारा हा पुरावा होऊ शकतो. एकाच खापरपणजोबांची चुलत-चुलत खापरपतवंडेही दर दहांत साधारण नऊ जणच जुळतात, तेव्हा एक चाचणी जुळली नाही म्हणून नाते नाही असे म्हणू नका. चाचणी देणाऱ्याची संमती आधी घ्या, आणि हयात माणसांची नावे उघड वंशावळीत टाकू नका.

ऑनलाइन वंशावळींत तुमच्या या स्नायडरांचे आईवडील कुणी तरी आधीच जोडलेले दिसतील. त्या जोडणीखाली कागद आहे का पाहा. एकाच कौंटीत त्याच नावाचे दोघे-तिघे असतात, आणि लोक त्यांना सर्रास एक करतात. बायकोचे नाव, जमिनीचे शेजारी आणि कराच्या याद्या यांवरून ते वेगळे करता येतात. नुसत्या ‘ज्युनिअर’-‘सिनिअर’वरून नाही, कारण त्या काळी तो फरक एका गावातल्या थोरल्या-धाकट्या माणसांचा असे, बापलेकांचाच असे नव्हे.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी १९११ चा दाखला, मग १८९० ची सैनिकांची यादी, तिच्यावरून पेन्शन फाइलीची मागणी, आणि ती येईपर्यंत १८५० आणि १८६० ची पाने शेजाऱ्यांसकट. दाखल्यावरचे आईचे माहेरचे नाव, पलटण आणि शेजारी बव्हेरियन घरांची आडनावे कळवलीत तर कुठल्या चर्चच्या वह्या आधी पाहायच्या ते मी सांगू शकेन.